कर्मचाऱ्यांना ‘लवचिकता’ हवी असते, म्हणजे नक्की काय हवं असतं?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तीनशेच्या आसपास माणसांची कंपनी. निम्मी माणसं ग्राहकांचे फोन घेतात, बाकीची हिशेब, सॉफ्टवेअर आणि विक्रीत. गेल्या वर्षी सर्व्हे केलात. ‘कामात लवचिकता हवी’ या विधानावर दहातल्या आठांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. मग आठवड्यातून दोन दिवस घरून काम सुरू केलंत, केबिनी पाडून मोकळं ऑफिस केलंत, नव्या खुर्च्या आणल्यात. वर्ष उलटलं तरी राजीनामे थांबले नाहीत, फोनवाल्या विभागात तर वाढले. आता वरून विचारणा होतेय की एवढं दिलं, अजून यांना हवंय तरी काय? जाता जाता चार दिवसांच्या आठवड्याबद्दलही विचारलंत.

मी बावीस वर्षं एचआरमध्ये काढली आहेत आणि हा वैतागलेला प्रश्न अनेक संचालकांच्या तोंडून ऐकलाय. तुमच्याकडे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालाय, एवढं मला तुमच्या वर्णनावरूनच दिसतं. घरून काम मिळालं ते ज्यांचे राजीनामे येतच नव्हते त्यांना. फोन घेणाऱ्यांना मिळालं की नाही, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. बहुतेक मिळालं नसावं.

‘लवचिकता’ या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथे आहे. मॅनेजरच्या तोंडी लवचिक माणूस म्हणजे ऐनवेळी बोलावलं तरी येणारा. कर्मचाऱ्याच्या तोंडी लवचिक काम म्हणजे स्वतःच्या अडचणीप्रमाणे वेळ इकडेतिकडे करता येणारं. शब्द एक, अर्थ उलटसुलट. तुमच्या सर्व्हेत हिशेब विभागातल्या माणसानं खूण केली तेव्हा त्याच्या डोक्यात घर होतं. फोनवालीनं केली तेव्हा तिच्या डोक्यात रोस्टर होतं, म्हणजे कोणाची पाळी कधी याचं वेळापत्रक. दोन्ही खुणा तुम्ही एकाच खान्यात मोजल्यात.

मी एकदा एका सेवा केंद्राचं काम घेतलं होतं. तिथे पुढच्या आठवड्याचं रोस्टर शनिवारी संध्याकाळी लागायचं. दाराशेजारी फळ्यावर छापील कागद, त्यावर पेन्सिलीची खाडाखोड, शेजारी टीम लीडरची सही. लोक जाताना मोबाइलवर फोटो काढायचे. रविवारी दुपारी ग्रुपवर नवी फाइल यायची, नाव ‘रोस्टर अंतिम ३’. सोमवारी सकाळी कुणी ना कुणी चुकीच्या शिफ्टला हजर असायचं आणि त्याचा लेट मार्क त्याच्याच माथी. तिथल्या एका बाईंना मी विचारलं, ‘घरून काम करायला आवडेल का?’ त्या म्हणाल्या, ‘घरून नको, ऑफिसातूनही नको, पुढच्या गुरुवारी मी कुठे असणार ते मला आज सांगा.’ माझ्या प्रश्नावलीत या उत्तराला रकानाच नव्हता.

हे एका बाईंपुरतं नाही. अलेक्झांडर मास आणि अमांडा पॅले या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या कॉल सेंटरच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांपुढे त्यांनी दोन-दोन पर्याय ठेवले. कामाची पद्धत वेगळी आणि पगारही वेगळा, यातलं कोणतं घ्याल? मालकानं आठवडाभर आधी ठरवून दिलेलं वेळापत्रक टाळण्यासाठी लोक सरासरी २० टक्के पगार सोडायला तयार निघाले. घरून काम करायची मुभा मिळावी म्हणून ८ टक्के. आणि स्वतःच्या वेळा स्वतः ठरवण्याची मोकळीक, जिचा सगळीकडे गाजावाजा असतो, तिच्यासाठी बहुतेक जण दमडीही सोडायला तयार नव्हते.

त्यातही एक बारकावा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. त्या २० टक्क्यांचा मोठा भाग होता संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी काम पडण्याच्या धास्तीचा. निव्वळ अनिश्चिततेचा भाग त्यामानानं कमी. म्हणून ‘वेळ आधी कळणं’ आणि ‘वेळ सोयीची असणं’ या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या विचारायला हव्यात. काही ठिकाणी पहिली दुखते, काही ठिकाणी दुसरी. त्या बाईंना पहिली दुखत होती. त्याच मजल्यावरचा त्यांचा शेजारी रात्रपाळीला वैतागला होता, त्याला महिनाभर आधी कळून काय उपयोग?

दुसरं असं की सरासरी फसवते. घरून कामासाठी ८ टक्के, याचा अर्थ प्रत्येक जण ८ टक्के सोडेल असा नाही. बरेच जण काहीच सोडत नाहीत आणि काही थोडे जण भरपूर सोडायला तयार असतात. लहान मुलं असलेल्या स्त्रियांमध्ये ही तयारी जास्त दिसली. त्यामुळे ‘आमच्या लोकांना काय हवं’ हा प्रश्न मला जरा चुकीचाच वाटतो. कोणाला काय हवं आणि किती तीव्रतेनं, असं विचारा.

आता विचारायचं कसं. ‘तुम्हाला अमुक महत्त्वाचं वाटतं का, एक ते पाच’ हा साचा टाकून द्या. त्यात सगळंच चार-साडेचार येतं. फुकट मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? जोडी समोर ठेवा. उदाहरणार्थ, पर्याय अ: रोस्टर तीन आठवडे आधी, पण महिन्यातला एक रविवार नक्की कामाचा. पर्याय ब: रविवार सगळे मोकळे, पण रोस्टर चार दिवस आधी. एकच निवडायचं. अशा सहा ते आठ जोड्या प्रत्येकाला द्या, जोड्या बदलत्या ठेवा, आणि निकाल विभागवार वेगळे काढा. पाचांपेक्षा कमी उत्तरं असलेला गट वेगळा दाखवू नका, नाहीतर कोण काय म्हणालं हे टीम लीडर पाच मिनिटांत ओळखतो आणि पुढच्या सर्व्हेला कुणी खरं बोलत नाही.

मात्र पगाराच्या जोड्या चालू कर्मचाऱ्यांना देऊ नका. संशोधकांना ते शोभतं, तुम्हाला नाही. मी हे ठेच खाऊन शिकलोय. एका कंपनीत मी मोठ्या हौसेनं प्रश्न घातला होता: ‘घरून कामाच्या बदल्यात पाच टक्के कमी वेतन चालेल का?’ फॉर्म सकाळी दहाला गेला. बारा वाजता कॅन्टीनमध्ये बातमी होती की पगारकपात येतेय, आणि तीन वाजता युनियनचं पत्र माझ्या टेबलावर. सर्व्हे मागे घ्यावा लागला आणि त्यानंतर दोन वर्षं माझ्या विभागाकडून आलेला प्रत्येक फॉर्म लोक संशयानंच उघडत. पगाराऐवजी रजा, शिफ्ट, बसण्याची जागा, रोस्टर आधी कळण्याचे दिवस यांची अदलाबदल विचारा. निष्कर्ष जवळपास तोच निघतो आणि घबराट होत नाही.

सर्व्हेच्याही आधी एक काम करा, त्याला काडीचा खर्च नाही. लोकांनी काय सांगितलं ते बाजूला ठेवा आणि काय केलं ते बघा. शिफ्ट बदलून घेण्याच्या अर्जांची वही, आयत्या वेळच्या रजा, बदलीच्या मागण्या, आधी भरणाऱ्या आणि शेवटपर्यंत रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्या. या नोंदी खोटं बोलत नाहीत. त्याच सेवा केंद्रात मी चार महिन्यांची शिफ्ट-बदलाची वही घेऊन बसलो. वरवर पाहता कारणं तीच ठरावीक होती, ‘घरगुती’, ‘वैयक्तिक’, ‘तब्येत’. पण सगळ्यात जास्त बदल एकाच शिफ्टमधून बाहेर पडण्यासाठी होते, दुपारच्या. ती रात्री सव्वानऊला सुटायची. खाली जाऊन चौकशी केली तर थांब्यावरची शेवटची थेट बस नऊ दहाला निघून जायची. पाच मिनिटांसाठी लोक दोन गाड्या बदलत होते आणि तासभर उशिरा घरी पोचत होते. शिफ्ट वीस मिनिटं अलीकडे ओढली. बदलाचे अर्ज निम्म्यावर आले. नोकरी सोडताना होणाऱ्या एक्झिट इंटरव्ह्यूत मात्र वर्षभर सगळ्यांनी ‘चांगली संधी मिळाली’ असंच लिहिलं होतं. जाणारा माणूस भांडून जात नाही, त्याला अनुभवाचं पत्र हवं असतं.

आता घरून कामाकडे येऊ. ‘टेलिकम्यूटिंग’ हा शब्द जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये वापरात आणला, म्हणजे कल्पना पन्नास वर्षांची झाली. पण त्यावरचा नीट प्रयोग बराच उशिरा झाला. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीनं आपल्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये घरून काम करू इच्छिणाऱ्या आणि निकषांत बसणाऱ्या २४९ जणांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एक गट नऊ महिने घरून, दुसरा ऑफिसातून. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २०१५ मध्ये छापले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्मं झालं. एवढं सगळेच उद्धृत करतात.

तुमच्या उपयोगाचा भाग पुढे आहे. प्रयोग संपल्यावर निवडीची पुन्हा मुभा दिली तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ऑफिसात परतले. कारण काय, तर एकटेपणा. ही माणसं मुळात स्वतःहून पुढे आलेली होती! म्हणजे माणसाला काय आवडेल हे त्यालाही करून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि लोकांना असं मत बदलू दिल्यावर कामगिरीतली वाढ कमी झाली नाही, ती २२ टक्क्यांवर गेली, कारण ज्यांना जे जमतं ते तिथे टिकले. यावरून मी एक नियम करून घेतलाय की कोणतीही निवड कायमची मागायची नाही. दर सहा महिन्यांनी पंधरा दिवसांची खिडकी उघडायची, कारण न विचारता बदल करू द्यायचा. कारण विचारलं की लोक अडकून बसतात. ‘मला घरी एकटं वाटतं’ हे कुणी अर्जात लिहीत नाही.

त्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट कडू आहे. घरून काम करणाऱ्यांना, तितकीच चांगली कामगिरी असताना, बढत्या कमी मिळाल्या. डोळ्यांआड गेलेला माणूस अप्रेझलच्या, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाच्या, वेळी आठवत नाही. तुम्ही कागदावर दिलेल्या सवलतीला अशी छुपी किंमत असेल तर लोकांना ती फार लवकर कळते, आणि मग सवलत असूनही कुणी घेत नाही. तुमच्याकडची गेल्या दोन वर्षांतल्या बढत्यांची यादी काढा आणि त्यातले किती जण घरून कामाचे दोन्ही दिवस खरोखर वापरत होते ते बघा. ही यादी संचालकांना दाखवण्यापूर्वी स्वतः एकदा शांतपणे वाचा.

दोन दिवस घर, तीन दिवस ऑफिस ही तुमची पद्धत वाईट नाही. त्याच कंपनीत, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम आहे, १,६१२ जणांवर पुढे असाच प्रयोग झाला, बुधवार आणि शुक्रवार घरून. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. राजीनामे एक तृतीयांशानं घटले, दोन वर्षांच्या अप्रेझलमध्ये आणि बढत्यांमध्ये काहीच फरक पडला नाही. फायदा कोणाला? मॅनेजर नसलेल्यांना, स्त्रियांना आणि लांबून येणाऱ्यांना. मॅनेजरांचे राजीनामे काही घटले नाहीत. प्रयोगाआधी याच मॅनेजरांना वाटत होतं की काम थोडं घसरेल, आणि अनुभवानंतर त्यांचं मत बदललं. म्हणून अशा गोष्टीचा निर्णय फक्त मॅनेजरांच्या बैठकीत होऊ देऊ नका. ज्यांना त्या सवलतीचा फारसा फायदा नाही, त्यांच्या हातात मापाची पट्टी असते.

ऑफिसचे तीन दिवस मात्र टीमचे एकच असायला हवेत. ज्याला जो दिवस आवडेल तो, असं केलंत की माणूस तासभर प्रवास करून येतो, रिकाम्या ओळीत बसतो, कानाला हेडफोन लावतो आणि घरी बसलेल्या सहकाऱ्यांशी व्हिडिओवर बोलतो. मी असा एक मजला पाहिलाय. चाळीस माणसं, चाळीस स्वतंत्र कॉल, आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

नव्या माणसांचा हिशोब वेगळा करा. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतल्या संपर्कांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की सगळेच घरून काम करू लागल्यावर लोकांचे संबंध आपापल्या गटात आक्रसले आणि वेगवेगळ्या गटांना जोडणारे दुवे कमी झाले. जुन्या माणसाकडे आधीचे दुवे शिल्लक असतात, नव्याकडे काहीच नसतं. पण गंमत अशी की घरून काम मागण्यात नवेही मागे नसतात, आणि त्यांना शिकवायला ज्यांनी ऑफिसात यायचं ते अनुभवी लोक घरी बसलेले असतात. मी पहिले सहा महिने नव्याला आणि त्याच्या एका ठरावीक ज्येष्ठाला एकाच दिवशी बोलावतो. ज्येष्ठ कुरकुरतात. त्यांच्या अप्रेझलमध्ये शिकवण्याला गुण ठेवले की कुरकुर कमी होते.

मोकळ्या ऑफिसबद्दल मी स्पष्टच सांगतो, तिथे तुम्ही पैसे खर्चून दुखणं विकत घेतलंत. एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं मोकळी होण्याआधी आणि नंतर तपासली, लोकांच्या गळ्यात संभाषण मोजणारे बिल्ले अडकवून. समोरासमोर बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल वाढले. हा अभ्यास २०१८ चा. भिंती पाडल्यावर माणसं जवळ येतील हा वास्तुविशारदांचा लाडका समज आहे. सगळ्यांच्या नजरेखाली बसलेला माणूस हेडफोनची भिंत बांधतो.

आवाजाचं म्हणाल तर आवाज किती मोठा, यापेक्षा शब्द कळतो की नाही हे महत्त्वाचं. पंख्याची घरघर माणूस विसरतो, पण शेजारचा ‘हो, पण मग त्याला सांगितलं कोणी?’ म्हणाला की मेंदू उत्तराची वाट बघत बसतो. तुम्ही विक्रीवाल्यांना हिशेबवाल्यांशेजारी बसवलं असेल तर आधी ते बदला. नंतर छताला आणि भिंतींना आवाज शोषणारे तक्ते, फोनसाठी दोन-चार बंद खोल्या, आणि एक कोपरा जिथे बोलायला मनाई. पाडलेल्या केबिनी परत बांधायला सांगत नाही, तेवढी हिंमत तुमच्या संचालकांत नसेल.

तापमानाची भांडणं प्रत्येक ऑफिसात असतात आणि आपण ती हसण्यावारी नेतो. पण त्यामागे कारण आहे. इमारतींच्या थंडाव्याचं गणित १९६० च्या दशकातल्या प्रारूपावर बेतलेलं आहे आणि त्यात शरीरातून निघणाऱ्या उष्णतेचा आकडा धरलाय तो सरासरी पुरुषाचा. बोरिस किंग्मा आणि वौटर फान मार्केन लिख्टेनबेल्ट यांनी २०१५ मध्ये दाखवलं की हा आकडा स्त्रियांच्या बाबतीत प्रत्यक्षापेक्षा ३५ टक्क्यांपर्यंत जास्त निघू शकतो. तेव्हा एसीखाली शाल घेऊन बसलेली सहकारी नाजूक नाही, तिच्यासाठी गणितच चुकलंय. एकच तापमान सगळ्यांना सुखाचं कधीच होणार नाही, त्याच्या मागे लागू नका. जागा बदलायची मुभा, टेबलावरचा छोटा पंखा, उघडता येणारी खिडकी असं काहीतरी माणसाच्या हातात द्या. हातात नियंत्रण असलं की माणूस पुष्कळ जास्त फरक चालवून घेतो, हे माझ्याही अनुभवाला आलंय.

खुर्च्यांची गोष्ट सांगतो. एका ठिकाणी साठ महागड्या खुर्च्या आल्या आणि पाठदुखीच्या तक्रारी जशाच्या तशा राहिल्या. खरेदी विभाग चिडला, ‘यांना काहीही आणून द्या.’ मी एक दुपार टेबलाटेबलावर फिरलो. बहुतेक खुर्च्यांच्या दांड्यावर कारखान्याचं प्लास्टिक तसंच होतं, म्हणजे उंची कुणी बदललीच नव्हती. एका उंच गृहस्थांचे गुडघे टेबलाच्या खणाला घासत होते, एका बुटक्या मुलीचे पाय अधांतरी. सगळ्यांचे लॅपटॉप टेबलावर आडवे, माना खाली. आम्ही स्क्रीन उचलायला स्टँड दिले, वेगळे कीबोर्ड दिले आणि प्रत्येकाला पाच मिनिटं खुर्ची लावून दाखवली. त्या पाच मिनिटांची तरतूद खरेदीच्या कागदात नव्हती. तुमच्या नव्या खुर्च्यांचे दांडे बघून या.

स्वच्छतागृहाबद्दल सर्व्हेत कधी विचारलंय का? मी नव्या ठिकाणी गेलो की पहिल्या दिवशी सगळ्यात खालच्या श्रेणीचे लोक वापरतात ते स्वच्छतागृह बघून येतो. फोनवाल्या विभागात आणखी एक विचारा, जायला परवानगी लागते का? स्क्रीनवर ‘ब्रेक’चं बटण दाबल्यावर मिनिटं मोजली जातात का? ज्या विभागात राजीनामे वाढलेत तिथे याचं उत्तर बहुधा ‘हो’ असतं.

इथे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आठवतात. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापालांच्या मुलाखतींवरून त्यांनी १९५९ मध्ये मांडलं की कामाची परिस्थिती, पगार, देखरेख या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून त्याला कामात गोडी वाटू लागत नाही. गोडी लागते ती काम जमण्यातून, कुणी दखल घेण्यातून, जबाबदारीतून. त्यांच्या पद्धतीवर टीकाही पुष्कळ झाली: यश सांगताना माणूस स्वतःला श्रेय देतो आणि अपयश परिस्थितीवर ढकलतो, म्हणून निष्कर्ष तसा आला, असं टीकाकार म्हणाले. मला ती टीका बरीचशी पटते. तरीही रोजच्या कामापुरतं त्यातलं एक सूत्र मी वापरतो. दुखणारं आधी काढा आणि त्याबद्दल आभाराची अपेक्षा ठेवू नका. ‘एवढं दिलं’ या वाक्यात ती अपेक्षा डोकावते.

कामाच्या तासांचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तुमच्या सॉफ्टवेअर विभागापुरता तो काढावा लागेल. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकारानं मृत्यूचा १७ टक्के जास्त असतो. घरून कामात हे तास दिसत नाहीत. फ्रान्सनं १ जानेवारी २०१७ पासून पन्नास आणि जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत कामाबाहेरच्या वेळी ‘संपर्काबाहेर’ राहण्याच्या हक्कावर वाटाघाटी करणं बंधनकारक केलं. कायदा असो-नसो, तुम्ही एक करू शकता. रात्री अकराला ‘सकाळी बघितलंत तरी चालेल’ असा मेसेज टाकणाऱ्या साहेबांना तो सकाळी नऊला आपोआप जाईल असा लावायला शिकवा. ‘चालेल’ वाचूनही लोक रात्रीच उत्तर देतात, कारण शेजारच्यानं दिलेलं असतं.

चार दिवसांचा आठवडा. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्या आणि सुमारे २,९०० कर्मचाऱ्यांनी सहा महिने, पगार तोच ठेवून, हे करून पाहिलं. संपल्यावर ५६ कंपन्यांनी ते चालू ठेवलं. आकडे चांगले आहेत, पण या कंपन्या स्वतःहून आलेल्या होत्या, बहुतेक लहान, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. मोकळा झालेला दिवस कुठून आला? मुख्यतः मीटिंगा छाटून. तुमच्या हिशेब आणि सॉफ्टवेअरमध्ये छाटायला मीटिंगा असतील. फोन घेणाऱ्यांच्या दिवसात छाटायला काय आहे? तिथे चार दिवस म्हणजे एकतर जास्त माणसं किंवा दहा-दहा तासांच्या पाळ्या. एका मजल्याला शुक्रवार मोकळा आणि दुसऱ्याला नाही, असं केलंत तर तुमचे राजीनामे कुठून येतील ते वेगळं सांगायला नको. सध्या तरी हात घालू नका.

तेव्हा फोन विभागातच सुरुवात करा आणि रोस्टरपासून करा. तुमचे प्लॅनिंगवाले म्हणतील की फोन किती येतील हे आधी कळत नाही, म्हणून रोस्टर उशिरा लागतं. अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या दुकानांच्या साखळीत स्थिर वेळापत्रकाचा प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१८ मध्ये आले. तिथेही हेच म्हणणं होतं. प्रत्यक्षात वेळापत्रकातल्या उलथापालथीचं मोठं कारण गिऱ्हाइकं नव्हती. मुख्य कार्यालयाकडून ऐनवेळी येणारा माल, बदललेल्या जाहिराती, साहेबांचे दौरे ही कारणं होती. वेळा स्थिर केल्यावर विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. तुमच्याकडेही गेल्या तीन महिन्यांतले रोस्टरचे बदल घ्या आणि प्रत्येकापुढे एका शब्दात कारण लिहा: फोन वाढले, कुणी रजेवर, वरून आदेश, आमची चूक. मला कुतूहल आहे की पहिला रकाना किती भरतो.

त्यानंतर रोस्टर दोन आठवडे आधी लावा आणि लागल्यावर बदल करायचा असेल तर तो करणाऱ्या टीम लीडरनं कारणासह सही करावी. सारखंच काम करणाऱ्या दोघांनी आपसात शिफ्ट बदलली तर परवानगी नको, नुसती नोंद पुरे. प्लॅनिंगवाले कुरकुरतील, कुरकुरू द्या. ऐनवेळी बोलावलेल्या माणसाला जादा मोबदला किंवा बदली रजा, आणि ती पुढच्या तीस दिवसांत तो म्हणेल त्या दिवशी. घरून फोन घेणं तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर तयार असलेल्या वीस जणांपासून करा, सहा महिन्यांची मुदत घालून. वर सांगितलेला जोड्यांचा सर्व्हेही यंदा करू नका, गेल्या वर्षीच्या सर्व्हेचं काय झालं हे लोकांना अजून सांगितलेलं नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ते आधी सांगा, चुकलेलं धरून.

तीन महिन्यांनी राजीनाम्यांचा आकडा बघू नका, तो इतक्यात हलणार नाही. रोस्टर लागल्यानंतर झालेले बदल मोजा आणि आयत्या वेळच्या रजा मोजा. हे दोन आकडे इथे टाकलेत तर पुढचं बोलू.